कारखान्यांच्या हवेचा आरोग्य-धोका नकाशावर कसा मांडायचा : बेळगाव सीमाभागासाठी पायरीवार पद्धत

तरुण मंडळांनी, कॉलेजच्या मुलांनी, काही ठिकाणी गावकऱ्यांनी मिळून काढलेले हवेचे नकाशे तपासायला माझ्याकडे येतात. कष्टात कुणी कमी पडलेलं नसतं. चुकतो तो क्रम. आधी हवेतले कण मोजणारा मीटर विकत घेतला जातो, मग आठवडाभर आकडे टिपले जातात, नकाशावर लाल-पिवळा रंग चढतो आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, ‘यात आजारी माणसं कुठं आहेत?’ तोवर पैसे संपलेले असतात, परीक्षा जवळ आलेली असते. असा नकाशा घेऊन कार्यालयात गेलं की साहेब दोन प्रश्न विचारतात आणि फाईल परत हातात येते.

म्हणून इथं क्रमावर जोर दिला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका. एखादी जमली नाही तर ‘जमली नाही’ असं नकाशावर लिहा आणि पुढं जा. पाच-सहा जणांच्या गटाला हे काम पूर्ण करायला एक वर्ष लागतं. त्याहून कमी वेळात केलं तर एकाच हंगामाची हवा हाती लागते.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘बेळगावची हवा किती खराब आहे?’ हा नकाशाचा प्रश्न होत नाही. ‘उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रींच्या (धातू ओतकामाच्या कारखान्यांच्या) आसपास एक किलोमीटरात राहणाऱ्या लहान मुलांना दम्याचा त्रास इतर वॉर्डांपेक्षा जास्त होतो का?’ हा होतो. ‘साखर कारखान्याच्या गळीत हंगामात वाऱ्याखालच्या (वारा धूर जिकडं नेतो त्या बाजूच्या) चार गावांत खोकल्याचे रुग्ण वाढतात का?’ हाही होतो.

वाक्यात चार गोष्टी हव्यात : कुठला उगम, कुठली माणसं, कुठला त्रास, कुठला काळ. चारपैकी एक जरी सुटली तरी पुढं काय गोळा करायचं हे ठरत नाही आणि सगळंच गोळा होत राहतं.

तपासा : वाक्य गटाबाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवा. ‘म्हणजे तुम्ही नक्की काय मोजणार?’ असं त्यांनी विचारलं तर वाक्य अजून तयार नाही.

पायरी २ : हद्द आखा, गावांची यादी एकदाच करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, आणि आपल्या भागात सर्वात जास्त घोळ इथंच होतो. एकच गाव महसूल खात्याच्या कन्नड यादीत एका रूपात, जनगणनेच्या इंग्रजी यादीत दुसऱ्या आणि आपल्या तोंडी तिसऱ्या रूपात असतं. होनगा की होनगे, मच्छे की मच्चे, निपाणी की निप्पाणी? तीन याद्या संगणकात टाकल्या की एका गावाची दोन होतात आणि तिसऱ्याचं खातं रिकामं राहतं. म्हणून नावावर विसंबू नका. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे, तो पहिल्या रकान्यात घाला. पुढं कन्नड, इंग्रजी आणि मराठी नावांना प्रत्येकी एक रकाना द्या. जोडणी कायम क्रमांकावरून करा.

शहरात अडचण वेगळी आहे. बेळगाव महापालिकेचे ५८ वॉर्ड आहेत, पण २०११ च्या जनगणनेतला वॉर्ड आणि २०२१ च्या महापालिका निवडणुकीतला वॉर्ड एकच धरू नका. क्रमांक सारखा असला तरी आतल्या गल्ल्या वेगळ्या असू शकतात. लोकसंख्या ज्या सीमांवरची घ्याल, रुग्णही त्याच सीमांवर मोजा.

सीमाभागातली तिसरी गोष्ट म्हणजे राज्याची हद्द. हवा तिथं थांबत नाही, कागद मात्र थांबतात. निपाणीच्या उत्तरेला काही किलोमीटरवर कोल्हापूर जिल्हा लागतो आणि पलीकडं कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. तिथली माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं, इथली कर्नाटकच्या मंडळाकडं. निपाणी किंवा चिकोडी तालुक्याचा नकाशा काढताना हद्दीपलीकडचा किमान दहा किलोमीटरचा पट्टा आत घ्या. राज्याच्या रेषेवर कापलेला नकाशा पाहणाऱ्याला वाटतं, पलीकडं काहीच नाही.

पायरी ३ : धुराचे उगम पायी फिरून नोंदवा

आधी कागदावरची यादी मिळवा. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव प्रादेशिक कार्यालयात परवानगी घेतलेल्या उद्योगांची माहिती असते. मंडळ उद्योगांना प्रदूषणानुसार लाल (सर्वात जास्त), नारिंगी, हिरवा, पांढरा (सर्वात कमी) असे वर्ग देतं, यादीत तो वर्ग जरूर मागा. जिल्हा उद्योग केंद्र आणि कारखाने व बॉयलर खातं ही आणखी दोन दारं. बॉयलर खात्याची यादी विशेष उपयोगी पडते, कारण जिथं बॉयलर तिथं इंधन आणि जिथं इंधन तिथं धूर.

तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत असावा लागतो, म्हणजे इथं कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत केलेला बरा. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. ‘जिल्ह्यातल्या सर्व प्रदूषणाची माहिती द्या’ असा अर्ज परत येतो. ‘अमुक औद्योगिक वसाहतीतल्या लाल व नारिंगी वर्गातील उद्योगांची नावे, इंधनाचा प्रकार व चिमणीची उंची’ अशी मागणी असली तर उत्तर येण्याची आशा असते.

मग पायी फिरा. कागदावरच्या यादीत बंद पडलेले कारखाने असतात आणि चालू असलेले कधी कधी नसतात. प्रत्येक उगमासाठी एक ओळ भरा : जीपीएस ठिकाण, इंधन (कोक, दगडी कोळसा, बगॅस म्हणजे उसाचं चिपाड, लाकूड, डिझेल की वीज), धूर किती उंचीवरून सुटतो, दिवसातले तास, वर्षातले महिने.

फौंड्री म्हटलं की सगळ्यांची नजर चिमणीवर जाते. कोकवर चालणारी क्युपोला भट्टी आणि विजेवरची इंडक्शन भट्टी यांच्या हवेत मोठा फरक असतो, तो नोंदवलाच पाहिजे. क्युपोलातून धूळ, कार्बन मोनॉक्साइड आणि कोकमधल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. पण वाळूचे साचे फोडताना, कास्टिंग (ओतलेले भाग) घासताना आणि शॉट ब्लास्टिंगच्या (छर्ऱ्यांच्या माऱ्यानं ते साफ करण्याच्या) वेळी उडणारी सिलिकाची धूळ चिमणीतून जातच नाही. ती शेडच्या उघड्या बाजूंनी, जमिनीलगत गल्लीत उतरते. कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) भाजताना रेझिनचा जो उग्र वास येतो त्याचंही तसंच. या ‘बिनचिमणीच्या’ उगमांना यादीत स्वतंत्र रकाना द्या. तो नसला तर सगळा दोष उंच चिमणीच्या माथी जातो आणि शेजारची शेड सुटते.

कारखान्यांखेरीज इतर उगमही त्याच यादीत घ्या : खडी क्रशर, वीटभट्ट्या, गुऱ्हाळं, कचरा जळतो त्या जागा, ट्रक थांबतात ते रस्ते, शेतातला जळणारा उसाचा पाला. तुमचा प्रश्न कारखान्यांचा असला तरी हे लागतातच. नाहीतर गुऱ्हाळाचा धूर फौंड्रीच्या नावावर लागेल, आणि ते लक्षात आणून देणारा माणूस भर बैठकीत भेटेल.

सावधान : कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय जाऊ नका, कामगारांचे फोटो घेऊ नका. रस्त्यावरून दिसतं तेवढं पुरतं. कामगारांशी बोलायचं तर पाळी सुटल्यावर, चहाच्या गाड्यावर, त्यांची इच्छा असेल तरच.

पायरी ४ : वारा आणि हंगाम (इथं घाई करू नका)

बहुतेक नकाशांत कारखान्याभोवती एक गोल काढलेला असतो, अर्धा किलोमीटर किंवा एक किलोमीटर. धूर गोल पसरत नाही. तो वाऱ्याबरोबर जातो आणि आपल्याकडं वारा वर्षातून बाजू बदलतो. पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येचा वारा जोरात असतो. हिवाळ्यात तो मुख्यतः पूर्व-ईशान्येकडून येतो आणि मंद असतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पुन्हा पश्चिमेची झुळूक सुरू होते. म्हणजे उद्यमबागची हवा पावसाळ्यात पूर्वेकडं अनगोळ-वडगावच्या अंगाला आणि हिवाळ्यात उलट बाजूला सरकते. दोन हंगामांचे दोन नकाशे काढावे लागतात. एकाच नकाशात वर्षाची सरासरी दाखवली की दोन्ही बाजू फिक्या दिसतात आणि प्रत्यक्षात कुणी काय सोसलं ते झाकलं जातं.

आता सर्वात जास्त होणारी चूक. हवामानाच्या नोंदीत वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती दिशा. ‘९० अंश’ म्हणजे पूर्वेकडून येणारा वारा, तो धूर पश्चिमेला नेतो. मी काढलेल्या पहिल्या नकाशात ही दिशा उलटी धरली होती आणि धोक्याचा सगळा पट्टा चुकीच्या वस्तीवर पडला होता. त्या वस्तीतल्या एका आजींनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, ‘आमच्याकडं श्रावणात वास येत नाही, तो येतो थंडीत.’ तेव्हापासून वाऱ्याची आकृती (कुठल्या दिशेकडून किती वेळ वारा येतो त्याचं चित्र) लोकांना दाखवल्याखेरीज मी पुढची पायरी चढत नाही.

सांबरा विमानतळाच्या हवामान नोंदी इंटरनेटवर मिळतात, केंद्राचा संकेत ‘व्हीओबीएम’ आहे. या नोंदींतली वेळ आपली नसते, जागतिक प्रमाणवेळ (यूटीसी) असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. मिळवले नाहीत तर पहाटेचा वारा मध्यरात्रीच्या खात्यात जातो. वेग नॉटमध्ये असतो, एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. किमान एका वर्षाच्या नोंदी घ्या, हंगामानुसार आणि दिवस-रात्र अशा वेगळ्या करा आणि आठ दिशांची आकृती काढा.

सांबरा शहराच्या पूर्वेला आहे आणि तिथं मोकळं माळ आहे. होनग्याजवळच्या टेकड्यांत किंवा खानापूर तालुक्यातल्या झाडीत वारा तसाच वाहील असं नाही. म्हणून स्थानिक ताळा करा. आठवड्यातले तीन दिवस सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता गच्चीवर उदबत्ती लावा आणि धूर कुठं जातो ते वहीत टिपा. महिनाभरात सांबऱ्याच्या आकृतीशी तुमचं गाव जुळतं की नाही ते कळतं.

थंडीतल्या रात्रींचा वेगळा विचार करा. जमीन गार पडते, वरची हवा तुलनेनं उबदार राहते आणि धूर वर चढू शकत नाही. पहाटे खळग्यातल्या वस्तीवर तो चादरीसारखा अंथरलेला दिसतो, आपण त्याला धुकं म्हणतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम नेमका याच महिन्यांत जोरात असतो. रात्रपाळीत भट्टी पेटवणारे उद्योगही याच हवेत धूर सोडतात. वारा शून्याजवळ असलेले तास आकृतीत ‘शांत’ म्हणून मोजा, वगळू नका. त्या तासांत दिशा नसते पण धोका असतो.

उंचीचाही परिणाम लक्षात घ्या. उंच चिमणीचा धूर पायथ्याशी सर्वात दाट नसतो, काही अंतरावर जमिनीला टेकतो. शेडमधून सुटणारी धूळ उलट शेजारच्याच घरांत जाते. दोघांना एकच अंतर लावलं तर एकाचा धोका फुगतो आणि दुसऱ्याचा दडतो.

तपासा : वाऱ्याची आकृती तीन वेगळ्या वस्त्यांतल्या बायकांना दाखवा. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी कुठल्या महिन्यात पडते हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. दोन वस्त्यांनी नाही म्हटलं तर आकृती पुन्हा काढा.

पायरी ५ : मोजमाप

आता मीटर. त्याआधी सरकारी आकडे पाहा. राष्ट्रीय हवा देखरेख कार्यक्रमातल्या हाती चालणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, २४ तासांचा नमुना घेतात, म्हणजे वर्षाला १०४ नोंदी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कर्नाटकातली बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही शहरं आहेत. कोल्हापूर महाराष्ट्राच्या यादीत आहे. बेळगाव नाही. त्यामुळं त्या शहरांसाठी मिळणारी तयार कागदपत्रं इथं मिळतील अशी आशा धरू नका.

स्वस्त मीटर लेसरच्या उजेडात कण मोजतात. त्यांना धूळ आणि पाण्याचा थेंब यांतला फरक कळत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात आणि थंडीच्या पहाटे ते धुक्यालाच प्रदूषण समजतात. आर्द्रता नोंदवणारा मीटरच घ्या आणि ८५ टक्क्यांवरचे तास वेगळे काढून ठेवा. लावण्याआधी सगळे मीटर एका खोलीत, एका टेबलावर सात दिवस चालवा. एकाच हवेत दोन मीटर वेगळं सांगत असतील तर तो फरक लिहून ठेवा आणि पुढं वजा करा. शक्य असेल तर अधिकृत केंद्राच्या शेजारी काही दिवस ठेवायची परवानगी मागा. काम संपल्यावर टेबलावरची परीक्षा पुन्हा घ्या. धुळीत वर्षभर राहिलेला मीटर बदललेला असतो.

मीटर जमिनीपासून तीन मीटरच्या वर, मोकळ्या हवेत हवा. स्वयंपाकघराची खिडकी, बंब, वडापावचा गाडा, बसथांबा यांच्यापासून दूर. एक तरी मीटर वाऱ्याच्या वरच्या बाजूला (वारा जिथून येतो तिकडं), कारखान्यापासून लांब लावा. तो नसला तर शहराच्या एकूण हवेतून कारखान्याचा वाटा वेगळा काढता येत नाही.

आकडे कशाशी ताडायचे? २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची) २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, वर्षाची ४०. पीएम १० साठी (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) १०० आणि ६०. सल्फर डायऑक्साइडसाठी ८० आणि ५०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी दिवसाला १५ आणि वर्षाला ५ अशी कितीतरी कडक पातळी सुचवली आहे. नकाशावर दोन्ही दाखवा. कार्यालयात राष्ट्रीय मानकच चालतं, पण त्याच्या आत असलेली हवा निर्धोक असते असं लोकांना सांगणं योग्य नाही.

सावधान : मीटरवर एका मिनिटासाठी २१० दिसलं म्हणून ‘मर्यादेच्या साडेतीनपट’ असं लिहू नका. मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. चांगल्या कामावर पाणी पडायला ही एक चूक पुरेशी होते.

पायरी ६ : आजाराच्या नोंदी

या पायरीशिवाय तुमच्या हातात हवेचा नकाशा असतो, आरोग्याचा नसतो.

परवानगी आधी घ्या. जिल्हा किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि रजिस्टर पाहायला मागू नका. महिन्यानुसार, गावानुसार किंवा वॉर्डानुसार आणि वयोगटानुसार फक्त बेरजा मागा. नाव, फोन, घर क्रमांक यांतलं काहीही तुमच्या वहीत येता कामा नये. छोट्या गावात ‘एक रुग्ण, बाई, साठीच्या पुढची’ एवढं लिहिलं तरी गावाला माणूस ओळखू येतो. पाचपेक्षा कमी आकडा आला तर शेजारच्या गावाशी किंवा पुढच्या महिन्याशी जोडून घ्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहरात नम्म क्लिनिक या सरकारी दवाखान्यात निदान बहुधा इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेलं असतं : एआरआय (श्वसनाचा तीव्र संसर्ग), यूआरआय (वरच्या श्वसनमार्गाचा), एलआरटीआय (खालच्या श्वसनमार्गाचा), सीओपीडी (श्वासमार्गाचा जुनाट अडथळा). एक डॉक्टर ज्याला दमा लिहितो त्याला दुसरा ब्राँकायटिस लिहितो. डॉक्टरांची बदली झाली की आकडा बदलतो आणि आपल्याला वाटतं हवा बदलली. उपाय साधा आहे. श्वसनाचे सगळे आजार एका मोठ्या गटात धरा, आत दोनच कप्पे ठेवा, लहान मुलं आणि चाळिशीपुढचे, आणि डॉक्टर कधी बदलले त्या तारखा समासात लिहा.

रुग्णसंख्या तशीच नकाशावर टाकू नका, दर काढा. समजा, एका वॉर्डात १२,००० माणसं आणि वर्षात ९६ रुग्ण, तर दर हजारी ८. दुसऱ्यात ४,००० माणसं आणि ४८ रुग्ण, म्हणजे दर हजारी १२. आकड्यानं पहिला दुप्पट दिसतो, त्रास दुसऱ्यात जास्त आहे. वय जुळवणंही गरजेचं आहे. म्हाताऱ्यांची वस्ती आणि नव्या नोकरदारांची वसाहत यांची थेट तुलना केली तर वयाचा फरक हवेच्या नावावर जातो. कमीत कमी वयोगटांचे दर वेगवेगळे मांडा.

लहान आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. ९ रुग्ण असतील तर ९ चं वर्गमूळ ३, त्याची दुप्पट ६. म्हणजे निव्वळ योगायोगानं तो आकडा ३ ते १५ मध्ये कुठंही पडू शकतो. शेजारच्या गावात १३ आहेत म्हणून ‘तिथं धोका जास्त’ असं म्हणता येत नाही.

सीमाभागातली मोठी गळती आता. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरज-सांगलीला, खानापूरचा बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात. स्थानिक केंद्रात त्याची नोंदच उरत नाही. हद्दीजवळच्या गावात रुग्ण कमी दिसले तर हवा चांगली आहे असं धरण्याआधी आशाताईंना विचारा, ‘दम लागला की लोक कुठं जातात?’ दहा घरांत विचारून बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण काढा. ते मोठं निघालं तर त्या गावाला राखाडी रंग द्या.

कामगारांचंही असंच आहे. उद्यमबागला कामाला येणारा माणूस खानापूर तालुक्यातल्या गावी झोपतो आणि खोकला तिथल्या दवाखान्यात दाखवतो. सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसायला वर्षं लागतात, आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर क्षय समजून उपचार होत राहतात हेही घडतं. सिलिकोसिस हा कायद्यानं सरकारला कळवावा लागणारा आजार आहे. म्हणून घरोघरच्या प्रश्नावलीत ‘आता काय काम करता?’ याच्याबरोबर ‘आधी काय करत होता, किती वर्षं?’ हे विचारा. अशी माणसं वस्तीच्या दरात मिसळू नका, त्यांचा वेगळा तक्ता करा. त्यांचा धोका शेडच्या आतला आहे आणि त्याचा उपायही वेगळा.

प्रश्नावलीत चूल, घरातली विडी-सिगारेट आणि मशेरी भाजणं हे प्रश्न हवेतच. निपाणी भागात तंबाखूचं काम आणि घरी बसून विड्या वळणं चालतं, ती धूळही श्वासात जाते. हे विचारलं नाही तर पुढं कुणीही म्हणेल, ‘खोकला चुलीचा आहे.’ विचारलेलं असलं तर तुमच्याकडं उत्तर असतं.

तपासा : त्याच केंद्रातून हवेशी संबंध नसलेल्या एका त्रासाचे, उदाहरणार्थ जखमा-मुरगळण्याचे, आकडेही घ्या. तेही त्याच वॉर्डात जास्त असतील तर तिथं आजार जास्त नाही, दवाखाना जवळ आहे.

पायरी ७ : नाजूक माणसं कुठं आहेत

अंगणवाड्या, शाळा, वृद्धाश्रम, झोपडवस्त्या आणि बांधकाम मजुरांच्या पाली, सगळी ठिकाणं जीपीएसनं घ्या. शाळेला दिवसाची हवा लागू होते, घराला रात्रीची. भट्टी रात्री पेटत असेल तर शाळेभोवती लाल रंग देण्यात अर्थ नाही, मागच्या चाळीला द्या. ऊसतोड मजुरांच्या खोपी कारखान्याच्या भिंतीला लागून असतात आणि इथल्या मतदार यादीत नसतात. त्या मोजायला हंगामातच जावं लागतं.

पायरी ८ : एकावर एक थर

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सगळ्यात आधी नकाशाची मोजपट्टी बदला. जीपीएसचे आकडे अंशांत असतात. त्यावरच ‘५०० मीटरचं वर्तुळ’ मागितलं तर सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं, कुणी अंदाजानं ०.५ घातलं तर वर्तुळ पन्नास किलोमीटरहून मोठं होतं. सगळे थर यूटीएम विभाग ४३ उत्तर या पद्धतीत आणा, म्हणजे मोजमाप मीटरमध्ये होईल.

थर या क्रमानं : हद्द आणि वस्ती, उगम, हंगामानुसार वाऱ्याखालचा पट्टा, मीटरच्या जागा, नाजूक ठिकाणं. प्रत्येक वस्तीला हवेसाठी ० ते ३ आणि माणसांच्या नाजूकपणासाठी ० ते ३ गुण द्या (जास्त गुण म्हणजे जास्त धोका), दोहोंचा गुणाकार करा. गुण कसे दिले तो तक्ता नकाशाच्या पाठीवर छापा.

आजाराचे दर या गुणाकारात घालू नका. अनेकजण तिन्हींची बेरीज करून एक ‘धोका क्रमांक’ काढतात. माझं मत ठामपणे वेगळं आहे. धोक्याचा नकाशा एक, आजाराचा नकाशा दुसरा, दोन्ही शेजारी ठेवा. दोन्ही एकाच जागी गडद निघाले तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं. न जुळले तर शोधायला नवी जागा मिळते. आधीच एकत्र केले तर ताडून बघायला काही उरत नाही.

सहा-सात मीटरच्या आकड्यांवरून अख्ख्या शहरावर गुळगुळीत रंग पसरवू नका. बटण दाबलं की सॉफ्टवेअर तो देतं, पण मधल्या भागात कुणी मोजलेलंच नसतं. मोजलं तिथं ठिपका, नाही तिथं राखाडी, आणि सूचीत लिहा : ‘राखाडी म्हणजे माहिती नाही.’

पायरी ९ : परत वस्तीत जा, मग कार्यालयात

छापण्याआधी नकाशा मोठ्या कागदावर काढून ज्या वस्त्या गडद आल्या आहेत तिथं आणि ज्या फिक्या आल्या आहेत तिथंही घेऊन जा. फिक्या वस्तीतली माणसं चुका जास्त दाखवतात. दुरुस्ती तारखेसह नोंदवा.

नकाशाची आणखी एक प्रत गडद भागातल्या कारखानदारांना द्या. पंधरा दिवस उत्तरासाठी ठेवा. भट्टी बदलली, धूळ धरणारी यंत्रणा बसवली असं काही ते दाखवतील तर ते बघून नोंद दुरुस्त करा.

कार्यालयात द्यायची प्रत कन्नडमध्ये करा, सोबत मराठी जोडा. भाषेच्या वादात हवेचा मुद्दा हरवू देऊ नका, ज्यांच्या टेबलावर निर्णय होतो त्यांना वाचता आलं पाहिजे. पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महापालिका किंवा ग्रामपंचायत अशा तिघांना एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकाकडून पोच घ्या. मागणी नेमकी ठेवा : अमुक ठिकाणी २४ तासांचं मोजमाप, अमुक शेडच्या उघड्या बाजूची तपासणी, अमुक शाळेत मुलांची फुफ्फुस तपासणी. ‘प्रदूषण थांबवा’ या मागणीवर कुणी सही करत नाही.

पत्रात काय लिहू नये तेही सांगतो. ‘या कारखान्यामुळं इतके लोक आजारी पडले’ हे वाक्य तुमच्या नकाशातून सिद्ध होत नाही. ‘या पट्ट्यात हवेचा भार जास्त आहे, इथं लहान मुलं आहेत आणि श्वसनाच्या तक्रारींचा दर शेजारच्या वॉर्डांपेक्षा जास्त आढळला, म्हणून तपासणी व्हावी’ हे वाक्य होतं. ते कुणाला खोडता येत नाही.

पोचपावतीच्या मागं पुढच्या गळीत हंगामाची तारीख लिहून ठेवा. त्या आठवड्यात मीटर पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर लागले पाहिजेत.